हर्नियाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर पद्धतशीर आढावा घेताना : माझा अनुभव

शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मला पद्धतशीर आढावा घ्यायचा होता, म्हणजे एका प्रश्नावर रुग्णांवर आधी झालेल्या तुलनात्मक चाचण्या ठरलेल्या नियमांनी शोधून एकत्र तपासायच्या होत्या. त्यासाठी मी मार्गदर्शकांपुढे ठेवलेला प्रश्न असा होता, की जांघेतील हर्नियासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली की उघडी. सरांनी कागद वाचला आणि विचारले, "कोणत्या मोजमापावर चांगली, आणि कोणाच्या हातून चांगली?" प्रबंधाचे पुढचे सगळे काम म्हणजे या दोन प्रश्नांचा पाठपुरावा होता. हे काम पूर्ण करताना जे समजले, ते अशा प्रकारचा आढावा हाती घेऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहीत आहे.

ज्यांची तुलना करायची त्या पद्धती आधी स्पष्ट करते. उघड्या शस्त्रक्रियेत, विशेषतः लिश्टेनस्टाइन पद्धतीत, जांघेत छेद घेऊन कमकुवत जागेवर समोरून जाळी बसवली जाते आणि त्यासाठी बहुतेक वेळा स्थानिक भूल पुरते. दुर्बिणीच्या पद्धतीत जाळी स्नायूंच्या मागे, पेरिटोनियमच्या, म्हणजे पोटाच्या पोकळीला आतून असलेल्या अस्तराच्या, पडद्यापुढे बसते. त्या जागी पोहोचण्याचे मार्ग दोन आहेत : 'टॅप' पद्धतीत पोटाच्या पोकळीत शिरून पडदा आतून उघडतात, तर 'टेप' पद्धतीत पोकळीत न शिरता पडदा आणि स्नायू यांच्यामधली जागा मोकळी केली जाते. दोन्हींसाठी साधारणपणे संपूर्ण भूल द्यावी लागते. त्यामुळे 'दुर्बीण विरुद्ध उघडी' अशी जी तुलना सरसकट केली जाते, तिच्यात छेदाचा आकार, जाळीची जागा आणि भुलेचा प्रकार असे तीन फरक एकत्र मिसळलेले असतात. रुग्णाला जाणवलेला फायदा यांपैकी कशामुळे झाला, हे अनेक शोधनिबंध वेगळे करून सांगत नाहीत.

पहिले प्रत्यक्ष काम प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याचा आराखडा, लिहिण्याचे होते. निबंध वाचण्याआधीच आपण कोणते रुग्ण घेणार, कोणत्या चाचण्या वगळणार, मुख्य निष्पत्ती कोणती मानणार आणि आकडे कसे एकत्र करणार, हे ठरवून 'प्रॉस्पेरो' या पद्धतशीर आढाव्यांच्या नोंदवहीत आधीच जाहीर करायचे असते. ही नोंदणी केवळ औपचारिकता आहे असे माझ्या काही सहकाऱ्यांचे मत होते. मला ते मान्य नाही. निकाल पाहिल्यानंतर मुख्य निष्पत्ती बदलण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे पहिले आकडे हाती आल्यावरच कळते, आणि त्या वेळी आपणच लिहून ठेवलेला कागद आपल्याला अडवतो. मी मुख्य निष्पत्ती म्हणून हर्निया पुन्हा होणे आणि दीर्घकाळ टिकणारी वेदना या दोन गोष्टी निवडल्या. शस्त्रक्रियेला लागलेला वेळ, कामावर परतण्याचा काळ आणि गुंतागुंती यांना दुय्यम स्थान दिले.

शोध आणि छाननी यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ग्रंथपालांच्या मदतीने शोधशब्द तयार केले, एका सहकाऱ्याने आणि मी सारांश स्वतंत्रपणे वाचले, आणि जिथे मतभेद झाले तिथे सरांनी निर्णय दिला. काम कंटाळवाणे आहे, तरी दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचण्याची अट सोडू नये.

खरी कसोटी प्रत्येक निबंधातील माहिती उतरवून घेण्याच्या तक्त्यापाशी लागली. पहिला पेच कन्व्हर्जनचा होता. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया अडचण आल्यामुळे उघडी करावी लागली, तर त्या रुग्णाची गणना कोणत्या गटात करायची? शस्त्रक्रियेच्या शेवटी काय झाले ते पाहून त्याला उघड्या गटात टाकले, तर सर्वांत अवघड रुग्ण दुर्बिणीच्या गटातून निघून जातात आणि तो गट आहे त्याहून चांगला दिसू लागतो. चाचणीच्या सुरुवातीच्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारख्या) विभागणीत चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्याच गटात रुग्णाला शेवटपर्यंत मोजणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला जो निर्णय घ्यायचा असतो, तो कन्व्हर्जनच्या शक्यतेसह घ्यायचा असतो. काही निबंधांत हे एका वाक्यात नोंदवलेले होते. काहींमध्ये तक्त्यांमधील रुग्णसंख्या पुन्हा पुन्हा जुळवून पाहावी लागली.

दुसरा पेच सरांच्या "कोणाच्या हातून" या प्रश्नाचा, आणि याच ठिकाणी माझा सर्वांत जास्त वेळ गेला. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २१६४ पुरुषांची जाळीच्या उघड्या किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी यादृच्छिक विभागणी केली होती. दोन वर्षांनंतर हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण उघड्या गटात ४.९ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के आढळले. दुर्बिणीच्या गटातील रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत वेदना कमी होती आणि ते सरासरी एक दिवस आधी नेहमीच्या हालचाली करू लागले; गुंतागुंती मात्र त्यांच्यात जास्त होत्या, ३९.० टक्के विरुद्ध ३३.४ टक्के. एवढेच वाचून निबंध मिटला, तर दुर्बीण हरली असे म्हणावे लागेल. पण त्याच निबंधात पुढे दोन गोष्टी आहेत. ज्या शल्यचिकित्सकांनी अशा २५० हून अधिक शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले होते, त्यांच्या रुग्णांत पुन्हा हर्निया होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. आणि ज्यांचा हर्निया आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उलटला होता, अशा रुग्णांत दोन पद्धतींचे निकाल जवळपास सारखे होते : दुर्बिणीच्या गटात १०.० आणि उघड्या गटात १४.१ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अर्थपूर्ण ठरला नव्हता.

मागच्या बाजूने जांघेची रचना पाहण्याची सवय विद्यार्थिदशेत कोणालाच नसते. तिथे कोणत्या त्रिकोणात मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि कोणत्या त्रिकोणात नसा आहेत, हे दुर्बिणीच्या मॉनिटरवर ओळखता येऊन जाळी पुरेशी पसरेल एवढी जागा मोकळी करण्याचे कौशल्य हाताला हळूहळू येते. म्हणून प्रत्येक चाचणीत शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा पूर्वानुभव किती होता, हा स्वतंत्र स्तंभ मी तक्त्यात घातला. तो स्तंभ भरताना अनेक ठिकाणी 'नोंद नाही' असे लिहावे लागले आणि ते लिहिताना मला खरोखर वाईट वाटले. औषधाच्या चाचणीत मात्रा न सांगणारा निबंध कोणी छापणार नाही; शस्त्रक्रियेच्या चाचणीत करणाऱ्याचा अनुभव हा मात्रेइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

तिसरा पेच वेदनेच्या मोजमापाचा. वेदना रुग्णच सांगतो, आणि आपल्यावर 'नवी' शस्त्रक्रिया झाली आहे हे त्याला ठाऊक असेल तर त्याच्या उत्तरावर अपेक्षेचा रंग चढतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवर इंग्लंडमधील शेफील्ड येथे झालेली, १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली चाचणी मी याच कारणासाठी मुद्दाम वाचली. तिच्यात २०० रुग्णांची दुर्बिणीची आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया अशी विभागणी केली होती आणि कोणती पद्धत वापरली हे कळू नये म्हणून सगळ्यांच्या पोटावर एकसारखे ड्रेसिंग केले होते. रुग्णालयातील मुक्काम आणि नंतर सावरण्याचा काळ यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. दुर्बिणीला वेळ मात्र जास्त लागला. या एका चाचणीवरून दुर्बिणीचे सगळे फायदे अपेक्षेतून येतात असे म्हणणे चुकीचे होईल, कारण तिथे तुलना लहान छेदाशी होती, मोठ्या छेदाशी नव्हती. तरी इतकी साधी युक्ती नंतरच्या चाचण्यांत क्वचितच वापरली गेली, याची खंत वाटते. हर्नियाच्या चाचण्यांत तर 'दीर्घकालीन वेदना' कोणी तीन महिन्यांनंतर मोजली होती, कोणी वर्षानंतर. कोणी वेदनेची तीव्रता दाखवायच्या शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर, कोणी फक्त 'आहे' किंवा 'नाही' असे विचारून.

यामुळे वेदनेचे आकडे एका फॉरेस्ट प्लॉटमध्ये, म्हणजे सगळ्या चाचण्यांचे निकाल एकाखाली एक दाखवणाऱ्या आलेखात, ओतून एकच सरासरी काढण्यास मी नकार दिला. मेटा-ॲनालिसिसशिवाय, म्हणजे अनेक चाचण्यांचे आकडे संख्याशास्त्राने एकत्र केल्याशिवाय, प्रबंध अपुरा दिसेल, असे विभागात एक-दोघांनी सुचवले. परंतु वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजलेल्या गोष्टींची सरासरी रेखीव दिसली, तरी रुग्णाला त्यातून काहीही सांगता येत नाही. पुन्हा होणाऱ्या हर्नियाचे आकडे एकत्र केले, वेदनेचे शब्दांत मांडले, आणि त्यामागचे कारण प्रबंधात सविस्तर लिहिले.

दिशा तपासण्यासाठी माझे निष्कर्ष मी याच विषयावरच्या २००३ च्या कोक्रेन (पद्धतशीर आढावे प्रसिद्ध करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्याशी ताडून पाहिले. त्यात ४१ चाचण्या आणि ७१६१ रुग्ण होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो आणि मूत्राशयासारख्या अवयवांना इजा होण्याचा विरळ पण गंभीर धोका अधिक असतो. उलट टिकून राहणारी वेदना व बधिरपणा कमी असतो आणि रुग्ण लवकर कामाला लागतात, असे त्या आढाव्याचे म्हणणे होते. माझ्या तक्त्यातील चित्र याहून फार वेगळे नव्हते. विरळ गुंतागुंतीविषयी मात्र मी अधिक सावधपणे लिहिले, कारण शे-दोनशे रुग्णांच्या चाचणीत अशी इजा एकदाही न घडणे सहज शक्य असते आणि त्या शून्यावरून सुरक्षिततेचा दाखला देता येत नाही.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी आकड्यांबद्दल फारसे विचारले नाही. समोर रुग्ण असेल तर काय सांगाल, एवढेच विचारले. मी उत्तर दिले, की आधी उघडी शस्त्रक्रिया होऊन उलटलेला हर्निया असेल तर दुर्बीण सुचवेन, कारण पुढच्या बाजूची जागा व्रणाने भरलेली असते आणि मागची अस्पर्श असते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तरीही तेच, कारण त्याच छिद्रांतून दोन्ही बाजू दुरुस्त होतात. संपूर्ण भूल धोक्याची असलेल्या वयस्क रुग्णाला स्थानिक भुलेखालची उघडी शस्त्रक्रिया सुचवेन. आणि एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असलेल्या रुग्णाला दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे सांगून, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आजवर अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारण्यास सांगेन. परीक्षकांनी यावर विचारले, की तोच प्रश्न रुग्णाने तुम्हाला विचारला तर? खरी संख्या सांगेन आणि ती कमी असेल तोवर वरिष्ठ शेजारी उभे असतील हेही सांगेन, असे मी म्हटले. त्यानंतर त्यांनी तक्त्यातला 'नोंद नाही'चा स्तंभ समोर उघडून त्यावर चर्चा सुरू केली, आणि उरलेला सगळा वेळ आम्ही त्याच स्तंभावर बोलत होतो.