सिनेमाची वही: विदर्भ, उन्हाळा आणि सोपस्कार

या उन्हाळ्यासाठी एक ठरवलं होतं: नवीन येईल ते बघत सुटायचं नाही. ज्यांचं विदर्भाशी काही नातं आहे असे सिनेमे काढायचे, पाहिलेले असले तरी पुन्हा पाहायचे आणि प्रत्येकाची वहीत नोंद करायची. नातं कुठलंही चालेल. गोष्ट इथली असो, चित्रीकरण इथलं असो, की एखादा नट इथला असो.

वहीची पद्धतही बदलली. आधी मी तारे द्यायचे, पाचपैकी साडेतीन वगैरे. आता प्रत्येक सिनेमातला एकच प्रसंग निवडते आणि तो पूर्ण लिहून काढते. कॅमेरा कुठे ठेवलाय, किती वेळ हलत नाही, मागे कसला आवाज आहे, कोण बोलतंय, कोण नुसतं उभं आहे. परवा सगळ्या नोंदी सलग वाचल्या आणि लक्षात आलं की मी निवडलेले बहुतेक प्रसंग कुठल्या ना कुठल्या सोपस्काराचे आहेत. मुलगी बघण्याचा कार्यक्रम, कोर्टातली साक्ष, पासपोर्टसाठी कागद गोळा करणं, वनखात्याचा कारभार. मारामाऱ्या, रडारड, मोठमोठी भाषणं यातलं काहीच वहीत उतरलं नाही. ही नोंद त्याबद्दलच आहे.

सुरुवात 'स्थळ'पासून करते, कारण हा धागा मला तिथेच पहिल्यांदा सापडला. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थिएटरात यायला मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारं घर, समाजशास्त्र शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारे पाहुणे. एवढंच. पाहुणे येतात, बसतात, सविता समोर येऊन बसते, प्रश्न सुरू होतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. मग ती आत जाते. काही दिवसांनी दुसरे पाहुणे, तीच बैठक, तेच प्रश्न.

हे तेच ते होतं अशी तक्रार मी काही जणांकडून ऐकली. मला ती अजिबात पटत नाही. तेच ते होणं हाच या सिनेमाचा प्राण आहे. पहिल्या वेळी आपण पाहुण्यांकडे बघतो, दुसऱ्या वेळी सविताकडे, आणि तिसऱ्या वेळी आपण प्रश्नांची वाट बघू लागतो, अगदी तिच्यासारखीच. दिग्दर्शकाने एकदाही कुणाला खलनायक केलेलं नाही. सगळे रीतीप्रमाणे वागतात, आणि त्या रीतीतच सगळा अपमान भरलेला आहे. सुरुवातीला हाच कार्यक्रम उलटा करून दाखवला आहे, म्हणजे बघायला आलेल्या बायका आणि समोर बसवलेला मुलगा. तो प्रसंग पाहून थिएटरात मोठं हसू आलं होतं. पुढे खरी बैठक सुरू झाल्यावर मात्र माझ्या मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच पुटपुटत होत्या. पाठ होती त्यांना ती.

नंदिनी चिकटेचं काम किती चांगलं आहे हे दुसऱ्यांदा पाहताना जास्त कळलं. ती चेहऱ्यावर काही आणत नाही, आणि ते न आणणंही हळूहळू बदलत जातं. गावातलीच माणसं घेतल्यामुळे बोली कुठेही शिकवल्यासारखी वाटत नाही. घरातली बोलणी, कापसाच्या भावाची काळजी, हुंड्याची रक्कम, सगळं एकाच सुरात येतं. सविताच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचा भाग तेवढा मला जरा बेतलेला वाटला. बाकीचा सिनेमा इतका सहज आहे की तिथे लेखकाचा हात दिसतो.

नंतर 'कोर्ट'. हा मी आधी पाहिला होता, पण यावेळी बाबांबरोबर पाहिला, आणि त्याने सगळाच फरक पडला. बाबा तहसील कार्यालयातून निवृत्त झाले. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा मुंबईत घडतो, पण त्यातला नारायण कांबळे, म्हणजे शाहीर, आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी केला आहे. ते मूळचे नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते, कवी, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने नागपुरातच ते गेले. पडद्यावर त्यांचा वेळ तसा कमी आहे, तरी सिनेमा संपल्यावर डोक्यात त्यांचीच बसण्याची पद्धत राहते. आरोपीच्या जागी उभं राहूनही न वाकणारा माणूस. हे अभिनयाच्या शाळेत शिकून येत नाही. बाबांना ते सभांमध्ये पाहून माहीत होते. "तसेच दिसते ना," एवढंच म्हणाले.

खटला काय, तर गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू झाला, आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप. त्यातला मी लिहिलेला प्रसंग साक्षीचा आहे. साक्षीदार काहीतरी सांगतो, मग न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, आणि तेच नोंदीत जातं. माणूस बोलला एक, कागदावर गेलं त्याच्या जवळपासचं दुसरं. कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी लाच घेतलेली नाही. कॅमेरा लांब, एका जागी, सगळं दालन दिसेल असा. आपल्याला कुणाकडे बघायचं ते आपणच ठरवायचं. बाबा इथे टीव्हीच्या जवळ सरकून बसले. "पंचनाम्यात पण असंच होते," म्हणाले, आणि मग त्यांनी मला पंचनामा कसा लिहिला जातो ते सांगितलं. शेतकरी बोलतो त्याच्या बोलीत, घडलं तसं, मागचं पुढे करून. लिहिणारा ते सरकारी मराठीत बसवतो. शेवटी "वाचून दाखवले, बरोबर आहे" आणि खाली अंगठा. बाबांनी आयुष्यभर ते बारकाईने, जबाबदारीने केलं हे मला माहीत आहे. तरी सिनेमा पाहून ते बराच वेळ त्याबद्दल बोलत राहिले. एखाद्या सिनेमाने याहून मोठं काय करायचं असतं मला सांगा.

'कोर्ट'ची दुसरी ताकद म्हणजे तो कोर्टाबाहेरही जातो. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी, अप्रतिम) कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. हे प्रसंग पहिल्यांदा पाहताना मला विषयांतर वाटले होते. आता वाटतं की त्यांच्याशिवाय कोर्टातली माणसं नुसते झगे राहिली असती. व्हेनिसमध्ये २०१४ साली त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. तरीही आपल्याकडे ज्यांनी पाहिलेला नाही असे खूप लोक भेटतात. पाहा. आणि शक्यतो एकट्याने नको, घरातल्या कुणा सरकारी नोकरी केलेल्या माणसाबरोबर पाहा.

इथे नागपूरकरांसाठी एक कामाची गोष्ट सांगते. मे महिन्यात घरी सिनेमा पाहायचा म्हणजे कूलरशी झगडा. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कूलर बंद ठेवता येत नाही, आणि चालू असला की असल्या सिनेमातले हळू संवाद, पंख्याची घरघर, मागे चाललेली कुजबुज सगळं त्याच्या आवाजात वाहून जातं. 'कोर्ट'सारख्या सिनेमात अर्धी गोष्ट त्या मागच्या आवाजात आहे. मी आता पहाटे पाचला उठून पाहते. गच्ची रात्रभर निवलेली असते, लॅपटॉप घेऊन वरच बसायचं, उन्ह चढेपर्यंत बहुतेक सिनेमे संपतात. बाबांबरोबर पाहायचं असेल तर खाली टीव्हीवर, पण तेव्हाही पहाटेच, कूलर बंद करून. दुपारी पाहायचाच असेल तर कान झाकणारे हेडफोन लावा आणि सबटायटल चालू ठेवा, भाषा येत असली तरी.

'झुंड' मात्र पहाटे संपत नाही. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा आहे, दोन बैठकांत पाहिला. नागराज मंजुळेंचा, मार्च २०२२ चा, आपल्या शहरात चित्रित झालेला. विजय बारसे सरांची गोष्ट इथे बहुतेकांना माहीत आहे: हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक, पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं त्यांनी पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. सिनेमाचा पहिला भाग मला यावेळी अधिक आवडला. अंकुश गेडम आणि बाकीची पोरं नागपूरच्या रस्त्यावर जशी बोलतात तशीच बोलतात, हिंदी-मराठीची सरमिसळ करत, शिवी आणि लाड एकाच वाक्यात. त्यांच्यात अमिताभ बच्चन उभे राहतात आणि सिनेमा तरीही पोरांचाच राहतो, हे साधं काम नाही. कॉलेजच्या संघाबरोबरचा सामना खूप लांबतो, पण मी त्यातलं काही कापणार नाही.

वहीत मात्र सामना नाही, रिंकू राजगुरूचा भाग आहे. मोनिका, आदिवासी मुलगी, खेळात निवड झालेली, आणि पासपोर्टसाठी ती कोण आहे याचा कागद हवा. बाप-लेक एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात. ती समोर उभी आहे, बाप शेजारी उभा आहे, आणि ती तीच आहे हे सिद्ध करायला तिसराच कुणी लागतो. मुख्य कथानकापासून हा भाग सुटा पडतो असं बरेच जण म्हणाले. मला तर तो सिनेमाचा गाभा वाटतो. मैदानात भिंत ओलांडता येते, इथे ओलांडायला भिंतच दिसत नाही. मंजुळे इथे संगीत जवळपास आवरून धरतात, आणि थकवा दिसू देतात. शेवटाकडे विमानतळाचा भाग येतो तेव्हा मला तोच थकवा आठवत होता.

'शेरनी' हा या यादीत जरा ओढूनताणून आलेला, कारण तो मध्य प्रदेशातल्या जंगलात घडतो. पण अमित मसुरकरांचा हा २०२१ चा सिनेमा पाहताना पांढरकवडा आठवल्याशिवाय कुणा विदर्भवाल्याला राहवणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातली ती टी-१ वाघीण, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका, दोन बछडे, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला मारलं गेलं. त्यावेळी आपल्याकडे दोन तट पडले होते, शहरातले एकीकडे आणि राळेगावकडचे दुसरीकडे. सिनेमा या दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि खात्याचं काम दाखवत बसतो: कॅमेऱ्याचे सापळे, ठसे, साहेबांची खुशामत, निवडणुकीच्या तोंडावर गावात शिरलेले पुढारी. विद्या बालनने आवाज कुठेही चढवलेला नाही. वाघीण आणि अभयारण्य यांच्यामध्ये तांब्याची खाण आहे हे आपल्याला नकाशावर कळतं, आणि मग सगळा दोष कुणा एका शिकाऱ्यावर टाकणं कठीण होतं. माझी तक्रार एकच. शरत सक्सेनांचा शिकारी फारच उघड वाईट आहे. बाकीच्या सिनेमाला इतक्या सोप्या माणसाची गरज नव्हती.

'गाभ्रीचा पाऊस' सगळ्यात शेवटी पाहिला, मुद्दाम. सतीश मनवरांचा हा सिनेमा २००९ चा, शेतकरी आत्महत्यांवरचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती बसते की आपला किसनाही तेच करेल. मग ती त्याला एकटा सोडत नाही. लहान मुलाला मागे लावते, सासूला लावते, त्याला गोडधोड करून घालते. गिरीश कुलकर्णींचा किसना वैतागतो, त्याला कळतच नाही की घर असं का वागतंय. या प्रसंगांत हसू येतं, खरंखुरं हसू, आणि त्याच वेळी पोटात गोळा असतो. इतर सिनेमांतले सोपस्कार वरून लादलेले आहेत. इथे एका बाईने घाबरून स्वतःच एक पहारा रचला आहे, आणि रोज तो नेमाने चालवते आहे. ज्योती सुभाषांची म्हातारी सासू शेतात मुलामागे चालते तो प्रसंग मी लिहून काढला. लिहिताना कळलं की त्यात जवळपास काहीच घडत नाही. माणूस शेतात जातो, म्हातारी मागे जाते.

या विषयावर पुढे आणखी सिनेमे झाले, बातम्यांचे ढीग झाले, पण आत्महत्येच्या आधीचं घर इतक्या जवळून मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वऱ्हाडी कुठेकुठे नटांच्या तोंडात थोडी घासते, हे खरं. 'स्थळ'नंतर लगेच पाहिलं तर ते जास्त जाणवेल, म्हणून मध्ये काही दिवस जाऊ द्या.

पुढचं काम म्हणजे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो, रात्रभर चालणारी नाटकं, पहाटे परतणारे प्रेक्षक. सिनेमाच्या वहीत नाटक घ्यावं की नाही यावर बरेच दिवस विचार केला आणि घ्यायचं ठरवलं आहे, कारण 'स्थळ'मधल्या बोलण्याची लय आणि तिथल्या रंगमंचावरच्या बोलण्याची लय शेजारी ठेवून ऐकायची आहे.

आणि एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. लिलावाचा प्रसंग शोधते आहे. कळमन्याच्या संत्रा बाजारात किंवा कुठल्याही बाजार समितीत बोली लागताना शेतकरी बाजूला उभा असतो, भाव दुसरेच ठरवतात, काही क्षणांत वर्षाचा हिशोब होतो. याहून सिनेमाला जवळचा सोपस्कार मला सुचत नाही, आणि तो थांबून, पूर्ण दाखवणारा मराठी सिनेमा माझ्या अजून पाहण्यात नाही. लघुपट असेल, माहितीपट असेल, जुना असेल तरी चालेल. कुणी पाहिला असेल तर नाव कळवा, पावसाळ्याच्या यादीत सगळ्यात वर ठेवते.