तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रातली मी कोणती?

आमच्या हॉलमध्ये मी काढलेलं आम्हा जुळ्या बहिणींचं तैलचित्र आहे. पाहुणे चहा येईपर्यंत ते बघतात आणि हमखास विचारतात, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

उत्तर जरा लांबचं आहे.

लंडनच्या टेट संग्रहालयात साधारण १६०० ते १६१० मधलं एक चित्र आहे, 'चमली लेडीज'. (चमली हे घराण्याचं नाव. स्पेलिंग Cholmondeley असं भलंमोठं, उच्चार एवढासाच.) पलंगावर टेकून बसलेल्या दोन बायका, दोघींच्या हातात लाल कापडात गुंडाळलेली बाळं. कोपऱ्यात लिहिलंय, या एकाच दिवशी जन्मल्या, एकाच दिवशी लग्नं झाली, एकाच दिवशी बाळंत झाल्या. आधी वाटतं, एकाच ठशाने उमटवल्यात. मग लेस वेगळी दिसते, दागिने वेगळे, डोळ्यांचा रंगही वेगळा. एकमेकींकडे मात्र ढुंकूनही बघत नाहीत. याउलट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं, शासेरियो या फ्रेंच चित्रकाराचं १८४३चं चित्र. त्याच्याच दोन बहिणी, सारखे झगे, सारख्या लाल शाली, हातात हात गुंफलेले. जुळ्याच वाटतात, पण वयात १२ वर्षांचं अंतर! मला हे चित्र जास्त जवळचं. सारखेपणा काय, शिंपीही देतो. आईही आम्हाला एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायची.

ताई माझ्याहून चार मिनिटांनी मोठी, आणि ती चार मिनिटं ती अजून वसूल करतेय. तिच्या डाव्या गालावर तीळ, माझ्या उजव्या. तिला समोर बसवलं, माझ्यासाठी आरसा ठेवला. बसल्या बसल्या तिचा हात माझ्या बाहीकडे गेला. सुटलेला दोरा तिला बघवेना. तेच चित्रात घेतलं. चेहरे आठवड्यात झाले, पण तिची ती दोन बोटं मी तीनदा खरवडली. पकड घट्ट झाली की ती मला ओढतेय असं दिसे, सैल झाली की फोटोपुरता हात ठेवल्यासारखं.

चित्र पाहून ताई म्हणाली, "अगं, या दोन्ही मीच. तू कुठेयस?" आरशातला तीळ दिसला तसा मी रंगवून टाकला होता, म्हणजे तिच्यासारखाच डाव्या गालावर! मी सुरी उचलली तर म्हणाली, "राहू दे गं."

तेव्हा तिळावरून शोधू नका. बाहीचा दोरा सुटलाय ना, ती मी.