पंचवीस नंबरचं दार

आज अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात ईमेल गेटवे (येणारी-जाणारी मेल तपासून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवायला गेलो होतो. आधी नेट तपासतो म्हटलं, तर मालक म्हणाले, "नेट चालतंय की, हे बघा यूट्यूब!" म्हटलं, साहेब, यूट्यूब ४४३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटच्या एका दारातून, येतं, मेल सर्व्हर एकमेकांशी २५ वर बोलतात. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का, ते बघणं) झकास, एमएक्स रेकॉर्डही (मेल कोणत्या सर्व्हरकडे जायची, ती नोंद) बरोबर. पण टेलनेटने (हव्या त्या पोर्टला जोडून बघायचा छोटा प्रोग्रॅम) बाहेरच्या सर्व्हरचं २५ नंबरचं दार ठोठावलं, तर स्क्रीन नुसती काळी. मग टाइमआउट. नेटवाल्यानं स्पॅमच्या धास्तीनं तो पोर्टच बंद ठेवलेला! फोनाफोनीत दोन तास गेले. तेवढ्यात मिसळ आली (रस्सा जहाल, पापड मात्र मऊ). चार वाजता पुन्हा ठोठावलं आणि उमटलं, २२०, म्हणजे समोरचा सर्व्हर तयार! दहावीच्या निकालालाही एवढा खूश झालो नव्हतो. सॉफ्टवेअर? ते उद्या.