तुम्ही विचारलंत म्हणून: पाऊस आला की शर्यत का थांबवायची?

ऑक्टोबर जवळ आला की दुकानात हा प्रश्न येतोच. स्टँडवर टांगलेली सायकल, माझ्या हातात अ‍ॅलन की, आणि काउंटरला टेकून उभा पंचविशीतला एखादा मुलगा. "काका, फॉर्मवर सही आम्हीच करतो ना? पडलो, हाड मोडलं, काहीही झालं तरी जबाबदारी आमची, असं लिहून देतो. मग पाऊस आला, चार विजा चमकल्या, की तुम्ही आम्हाला मधेच का थांबवता?"

दापोलीत माझं सायकलचं दुकान आहे. आपल्याकडे दोन-तीन दिवसांच्या माउंटन बाइक शर्यती होतात, त्यांत गेली नऊ वर्षं मी स्वीप असतो, म्हणजे शेवटच्या स्पर्धकाच्याही मागून येणारा. विचारणारी मुलं मेहनती असतात. पगारातून पैसे बाजूला काढून, पहाटे उठून सराव करून ती शर्यतीला आलेली असतात. गिऱ्हाइकं सांभाळत त्यांना अर्धंच उत्तर देणं होतं, म्हणून आज सगळं लिहितो.

सहीचं आधी. ती सही खरी आहे आणि मी तिचा मान ठेवतो. उतारावर वेग किती ठेवायचा, पाखाडीच्या पायऱ्या सायकलवरून उतरायच्या की सायकल खांद्यावर घ्यायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, वळणावर झेंडा घेऊन जो पोरगा उभा असतो, त्याने कुठेच सही केलेली नसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन दिवसांची शर्यत, दुसरा दिवस. खाडीकाठच्या गावातून निघून वर सड्यावर चढायचं, सडा ओलांडून पलीकडच्या वाडीत उतरायचं. सगळ्यांनी दुपारी बाराच्या आत सडा ओलांडलेला असेल असा हिशेब होता. सकाळी सत्कार लांबले, भाषणं लांबली आणि झेंडा दीड तास उशिरा पडला. ऊन कडक होतं, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

बाहेरून आलेले स्पर्धक आभाळ बघताना समुद्राकडे बघतात. जूनमध्ये ते बरोबर आहे, तेव्हा पाऊस समुद्राकडून येतो. परतीचा पाऊस मात्र घाटावर उभा राहतो आणि दुपारनंतर आपल्या पाठीवर येतो. भातकापणीला गेलेली माणसं हे सांगावं न लागता जाणतात. दुपारी उगवतीला काळं दिसलं की बायामाणसं कापलेलं भात झाकतात आणि वाडीची वाट धरतात. त्या दिवशी आम्ही चढत होतो आणि कापणीवाल्या बायका उतरत होत्या. त्यांतल्या एका आजीने मला हटकलं, "आरं, सड्याव कशाला जाताव? वीज पडंल ना!" मी मान डोलावली आणि पुढे गेलो. शेवटचे दोघे स्पर्धक माझ्या पुढे होते आणि त्यांच्या मागे राहणं हे माझं काम होतं.

अडीचच्या सुमाराला सड्यावर पोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. ज्यांनी जांभ्याचा सडा पावसात बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मैलभर सपाट कातळ, झाड नाही, आडोसा नाही. सायकलवर बसलेला माणूस हीच तिथली सगळ्यात उंच वस्तू. वर बंद पडलेल्या चिरेखाणी, काटकोनात कापलेल्या, दोन-दोन पुरुष खोल, कठडा नाही. त्या पाण्याने भरल्या की डबकं कुठलं आणि खाण कुठली हे नवख्याला कळत नाही. शेवाळ धरलेल्या कातळावर ब्रेक लावला की चाक थांबतं, सायकल थांबत नाही.

शेवटच्या वळणावर तो उभा होता. अकरावी-बारावीतला असेल. अंगावर पिवळं जाकीट, हातात झेंडा, आणि झेंड्याची काठी म्हणजे लोखंडी पाइप. चाळीस मिनिटं तो तसाच उभा होता, कारण "शेवटचा माणूस गेल्याशिवाय जागा सोडायची नाही" असं त्याला सकाळी बजावलं होतं. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "काका, शेवटचे तुम्हीच ना?" मी पाइप त्याच्या हातातून घेऊन आधी लांब टाकला. त्याच्या रेनकोटची वरची दोन बटणं उघडी होती आणि पाणी थेट छातीवर जात होतं. ती त्याला लावता येत नव्हती. बोटं बटणापर्यंत जायची आणि थरथरून परत यायची. मी लावून दिली. तेवढ्यात वीज कडाडली, आणि चमक आणि आवाज यांच्यात मला एक आकडाही मोजता आला नाही.

कोणाला काही झालं नाही. आम्ही तिथून निघून घळीत उतरलो आणि वाडीतल्या पहिल्या घरात शिरलो. पण त्या दिवसापासून सहीचा मुद्दा माझ्यापुरता मिटला. स्पर्धक पळत असतो, गरम असतो, वीस मिनिटांत सड्यावरून निघून जातो. वळण दाखवणारा, पाणी देणारा, वेळ टिपणारा जागेवर भिजत असतो. शर्यत चालू आहे म्हणजे हे सगळे उभे आहेत.

आता तुमच्याबद्दल. "मला झेपत नसेल तर मीच थांबेन" असं तुम्ही म्हणता, आणि तेव्हा ते मनापासून म्हणत असता. पण गारठलेला माणूस स्वतःबद्दलचा निर्णय घेऊ शकत नाही, हे मी स्वतःवर बघितलं आहे. हिमाचलातल्या एका शर्यतीत जलोरी खिंडीच्या वर पाऊस लागला. जलोरी सुमारे ३,१०० मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे हर्णैच्या किनाऱ्यावर २५ अंश असेल तर त्या हिशेबाने तिथे पाच. त्यात अंग ओलं, आणि समोर लांब उतार. चढताना शरीर उष्णता तयार करतं, उतरताना नुसता वारा खातं. ओल्या कपड्यांतून ऊब कोरड्या कपड्यांपेक्षा कितीतरी पटींनी लवकर निघून जाते. अर्ध्या उतारावर माझ्या सोबत्याने चार वेळा विचारलं, "ठीक आहेस ना?" आणि चारही वेळा मी "एकदम ठीक" म्हटलं. पाचव्या वेळी त्याने माझ्या दुकानाचं नाव विचारलं. मला ते सांगता आलं नाही.

शरीराचं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की हे सुरू होतं. आधी कापरं, मग जीभ जड, मग बोटं ऐकेनाशी होतात, मग विचार. कापरं थांबलं की बरं वाटायला लागलं असं समजू नका, ती जास्त वाईट खूण आहे. आणि आपल्या कोकणात असं होत नाही असंही समजू नका. तो पोरगा समुद्रापासून पाच-सहा किलोमीटरवर होता.

दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक २००४ पासून होते, आठ दिवसांची. तिथे जोडीने उतरावं लागतं, आणि जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड होतो. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटतो. स्वतःची खबर स्वतःला नसते, शेजारच्याला असते.

चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला झालं ते तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. ती धावण्याची शर्यत होती, डोंगरातली, १०० किलोमीटरची. १७२ जण धावत होते. दुपारी वर वारा सुटला, पाऊस आणि गारा आल्या, तापमान झपकन उतरलं, आणि २१ जण गारठून मेले. त्यांत देशातला नावाजलेला धावपटू लियांग जिंगही होता. म्हणजे कच्चेच गेले असं नाही. जोराच्या वाऱ्याचा इशारा आधी दिलेला होता. वारा अडवणारं जाकीट जवळ असावं अशी शिफारस होती, सक्ती नव्हती. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेक देऊन वाचवलं. तो त्या डोंगराचा माणूस होता. त्या दिवशी हटकणाऱ्या आजींची आठवण मला दर वेळी इथेच येते.

थांबणं म्हणजे कच्चेपणा, असं तुमच्यातले काही बोलून दाखवतात. १७ मार्च २०१३ ला मिलान–सान रेमो शर्यतीत बर्फ पडायला लागला, तेव्हा जगातले सगळ्यात कणखर सायकलपटू ओवादा गावात सायकलवरून उतरून बसमध्ये बसले, तुर्किनो खिंड बसने टाळली, आणि किनाऱ्यावर कोगोलेतोला पुन्हा शर्यत सुरू झाली. गेराल्ड चोलेक जिंकला आणि त्याचा विजय कोणी कमी मानला नाही. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी खराब हवामानाचे नियमच केले: गोठणारा पाऊस, रस्त्यावर साचणारा बर्फ, जोराचा वारा, टोकाचं तापमान, न दिसणं, प्रदूषण. असं काही दिसलं की आयोजक, डॉक्टर, पंच आणि खेळाडूंचे प्रतिनिधी एकत्र बसतात. त्या यादीत आपला सडा नाही, आपला पऱ्या, म्हणजे ओढा, नाही. ते आपण लिहायचं.

पऱ्याचं जरा सांगतो, कारण विजेपेक्षा त्याची भीती कमी वाटते. सड्यावर पडलेलं पाणी फारसं मुरत नाही, धावत कडेला येतं. खाली ऊन असतानाही पऱ्याचं पाणी लाल झालं की वर पाऊस पडतोय हे समजायचं. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी जोरात असेल तर उभ्या माणसाचे पाय काढतं. ओलांडावंच लागलं तर सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला धरलीत तर पाणी तिला तुमच्यावर ढकलतं आणि तुम्ही तिच्याखाली जाता. आणि साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, पाणी आलं असेल तर तो साकव नाही असं धरून चाला, मग घड्याळात काहीही दिसत असो.



माझं आजोळ हर्णैचं. मामाची होडी होती. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की मामा होडी काढत नसे, विषय संपला. मासळी दिसत असली, डिझेल भरलेलं असलं, घरात पैशाची ओढ असली तरी. त्याच्याइतकं दर्याचं ज्ञान बंदरावरच्या कारकुनाला नव्हतं, आणि तरीही. मी लहानपणी विचारलं होतं, तुला तर सगळं कळतं, मग त्यांचं का ऐकतोस? तो म्हणाला, "बाहेर गेल्यावर मला कळत नाही. मासळी दिसली की कळत नाही."

मला शर्यतीत तो बावटा हवा आहे. आदल्या रात्री ठरलेला, लिहिलेला, सगळ्यांना वाचून दाखवलेला. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग कुठला असेल तर सडा वगळून खालचा छोटा मार्ग घ्यायचा. किती वाजल्यानंतर कोणालाही वर सोडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपास विजा दाखवायला लागलं की काय करायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, तिथे शर्यत थांबते आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबलेलीच राहते. बावटा लावणारा माणूस असा, ज्याचा प्रायोजकांशी, बक्षिसांशी, सत्काराशी काही संबंध नाही. शक्य असेल तर त्याच गावातला.

तुमचा खरा राग मला माहीत आहे. चढावर झगडून मिळवलेली तीन मिनिटं पाण्यात जातात, हा तो राग आहे, आणि तो रास्त आहे. त्याला उपाय आहे. टप्प्यांच्या शर्यतीत सगळ्या दिवसांची वेळ मिळून निकाल लागतो. थांबवायची वेळ आली तर सगळे ज्या शेवटच्या चेकपॉइंटवरून गेले आहेत तिथली वेळ धरायची, आणि हेही आदल्या रात्रीच सांगायचं. असं केलं की चढावरची मिनिटं तुमचीच राहतात. जे आयोजक हे सांगत नाहीत आणि ऐनवेळी थांबवतात, त्यांच्यावर तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने आहे.

गेल्या वर्षी सव्वा वाजता बावटा लागला. सड्यावर ऊन होतं. मी मागून फिरलो, वळणावळणावरच्या प्रत्येकाला खाली पाठवलं, आणि सगळे देवळाच्या सभामंडपात जमले. कोणी चिडले होते, कोणी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते. माझ्या वहीत आता दोन याद्या असतात, एक नंबरांची आणि एक झेंडेवाल्यांची. दोन्ही मोठ्याने वाचल्या. झेंडेवाल्यांत एकाचं उत्तर आलं नाही. दहा मिनिटं मी पायरीवर उभा होतो. मग तो पाखाडी उतरताना दिसला, हातात वेळूची काठी, झेंडा गुंडाळून काखेत. त्याच्या नावापुढे खूण केली तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि उगवतीला काळं व्हायला लागलं होतं.