नव्या यादीत

रविवार, रात्र

नवी यादी लागली. शास्त्रपाठ, अर्पण, गीतांचे क्रमांक, संडे स्कूल, दाराशी स्वागत. सगळं नीट आखून टंकलेलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या, टेबलापुढे महिला समाजातल्या धाकटीचं नाव आहे. माझं कुठेच नाही. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, मागच्यांना वाट देऊन बाजूला झाले आणि ते गेल्यावर पुन्हा वाचलं.

पाळकसाहेब मग जवळ आले. "काकू, पुष्कळ वर्षं केलंत. आता जरा निवांत बसा." प्रेमानेच म्हणाले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. रागाने बोलले असते तर मीही काही बोलले असते. प्रेमापुढे काय बोलणार? हात हातात घेतल्यावर त्यांना काय जाणवलं असेल ते मला ठाऊक आहे. ते आज लिहायचं नाही.

घरी आले, जेवले, भांडी घासली. आज उशीर का झाला, असं विचारणारं आता घरात कुणी नाही. असो.

एवढ्याशा गोष्टीने इतकं का लागावं? कुणी अपमान केलेला नाही. काम थांबलेलं नाही. धाकटी चांगली मुलगी आहे, मनापासून करेल. हे सगळं मला पटतं, आणि पटूनही छातीत काहीतरी अडकून बसलंय.

हे काम कुणाला दिसत नाही. शनिवारी संध्याकाळी चर्च रिकामं असतं. कपाट उघडायचं, ट्रे काढायचे, इवले पेले कोमट पाण्यात धुऊन मऊ कापडाने एकेक कोरडा करायचा. ओला राहिलेला पेला ट्रेच्या भोकात चिकटतो आणि कठड्याशी गुडघे टेकलेल्या माणसाला तो ओढून काढावा लागतो. त्या क्षणी त्याचं मन प्रभूकडे असायला हवं, पेल्याकडे नाही. भाकर कडा काढून एकसारखी कापायची. कापडाची घडी अशी घालायची की उलगडल्यावर मधली रेघ बरोबर टेबलाच्या मध्यावर यावी. रस मात्र रविवारी सकाळीच ओतायचा.

आणि ओतताना मी नावं घेते. मनातल्या मनात. हा ज्यांची मुलगी घर सोडून गेली त्यांचा. हा शेवटच्या बाकावरच्या आजोबांचा. हा जे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत त्यांतल्या थोरल्याचा, हा धाकट्याचा. कुठला पेला कुणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो, तरी नावं घेते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. यादीत "टेबल" एवढंच लिहिलेलं असतं.

द्राक्षरस न आंबता टिकवायची रीत १८६९ मध्ये थॉमस वेल्चने बसवली. दातांचा डॉक्टर होता तो, आणि अमेरिकेतल्या व्हाइनलँडच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीत हेच काम करायचा, प्रभुभोजनाच्या तयारीचं. दारू वर्ज्य म्हणायची आणि प्रभूच्या मेजावर मात्र ती ठेवायची, हे त्याला खुपत होतं. टेबल लावणाऱ्या एका माणसाने टेबलाचा इतका विचार केला, आणि पुढे कितीतरी मंडळ्यांच्या पेल्यातलं पेय बदललं. बाटली उघडताना मला नेहमी त्याचा अभिमान वाटत आला आहे. आपल्या कामावरचा माणूस.

सोमवार

झोप लागली नाही. पहाटे ती कराराची प्रार्थना आठवली आणि उठून बसले.

वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे उभे राहून ती म्हणतो. मी आता माझी नाही, तुझी आहे. तुला वाटेल ते काम मला दे, वाटेल त्यांच्या पंगतीला मला बसव. तुझ्यासाठी मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी मला बाजूला ठेव. किती वर्षं म्हणत आले. "कामाला लाव" म्हणताना माझा आवाज भरून यायचा. "बाजूला ठेव" हे त्याच दमात पुढे निघून जायचं. ते माझ्यासाठी असेल असं कधी मनात आलं नाही. ते आजाऱ्यांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहे असं वाटायचं.

ही उपासना आपल्या मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणाऱ्या जॉन वेस्लीने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये पहिल्यांदा घेतली. सुमारे अठराशे माणसं संमती म्हणून उभी राहिली, असं त्याच्या रोजनिशीत आहे. प्रार्थनेचा गाभा त्याचा स्वतःचा नव्हता, रिचर्ड अ‍ॅलीन या इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडक सुधारणावादी, पाळकाच्या लिखाणातून घेतलेला होता. अ‍ॅलीन बॅटकोंबच्या मंडळीत वीसेक वर्षं पाळक होता. १६६२ मध्ये उपासनेच्या नव्या कायद्याला संमती दिली नाही म्हणून त्याला पुलपिट, उपदेशाची जागा, सोडावं लागलं. ही प्रार्थना ज्यातून आली ते त्याचं पुस्तक आलं १६६३ मध्ये. म्हणजे ज्याच्याकडून आपण हे मागणं शिकलो, त्याच्या हातून मंडळी नुकतीच गेली होती.

हे मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शिकवलंय. सन विचारले आहेत त्यांना. आज मात्र तो माणूस डोळ्यांपुढे येतो. रविवार उजाडतो, घंटा वाजते, आणि याला कुठे जायचं ते ठरलेलं नाही.

पण त्याला सदसद्विवेकासाठी काढलं. मला फक्त यादीतून काढलं. त्याच्या दुःखाला कारण होतं, माझ्या दुःखाला नुसतं वय आहे. त्याच्याशी बरोबरी करणं बरं दिसत नाही हे कळतं. तरी बाजूला झालेल्या माणसाला सोबत हवी असते, मग ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची का असेना.

बुधवार

महिला समाजाची प्रार्थनासभा होती. गेले. धाकटीने विचारलं, "मावशी, कापडावर रसाचा डाग पडला तर काय करायचं?" मी सांगितलं, पण तोडून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. परतताना सगळी वाट तेच टोचत राहिलं.

कारण येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. आणि निमंत्रण काय असतं? जे आपल्या पापांचा मनापासून पश्चात्ताप करतात, शेजाऱ्यांशी प्रीतीने आहेत आणि नवं जीवन जगू पाहतात, त्यांनी विश्वासाने जवळ यावं. मधल्या अटीवर मी अडले आहे. शेजाऱ्यांशी प्रीतीने. ज्या टेबलावरून माझं मन कडू झालं त्याच टेबलापुढे गुडघे टेकायचे, आणि तिनेच भरलेला पेला उचलायचा. न जावं असंही एकदा वाटलं. अंगात कणकण आहे म्हणून कळवता आलं असतं. पण न जाण्याने जे झालं असतं ते मी इतरांच्या बाबतीत पाहिलं आहे. माणूस एक रविवार चुकवतो, मग दुसरा, आणि मग आम्ही त्याच्या घरी फळं घेऊन जातो.

वेस्लीचंच पुन्हा आठवलं. १७४२ च्या जूनमध्ये तो आपल्या जन्मगावी, एप्वर्थला गेला. बाप तिथे जवळजवळ चाळीस वर्षं रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, होता, तो स्वतःही तिथे बापाच्या हाताखाली राबला होता. तिथल्या क्युरेटने, म्हणजे साहाय्यक पाळकाने, त्याला पुलपिटवर चढू दिलं नाही. तो आवारात गेला, बापाच्या थडग्यावर उभा राहिला आणि तिथून उपदेश केला. आठवडाभर रोज संध्याकाळी लोक जमत राहिले. हा भाग सगळे सांगतात. त्यापुढचा फारसं कुणी सांगत नाही: १७४३ च्या जानेवारीत तो पुन्हा तिथे गेला तेव्हा त्याच क्युरेटने निरोप धाडला की मी वेस्लीला प्रभुभोजन देणार नाही, तो पात्र नाही. आपल्या बापाच्या चर्चमध्ये!

आणि हा तोच वेस्ली, ज्याने १७४० च्या जूनमध्ये ठामपणे सांगितलं होतं की या मेजाशी यायला आपल्या दशेची जाणीव एवढंच पुरे, आधी लायक बनून यायची गरज नाही. तेव्हा काही भाऊबंद म्हणत होते की विश्वास पक्का होईपर्यंत प्रभुभोजनापासून दूर थांबावं. तो म्हणाला, नाही, हे मेजच माणसाला बदलतं.

आपल्या दशेची जाणीव. ती तर या आठवड्यात मला पुरेपूर आहे.

गुरुवार

आज जरा हलकं वाटतंय. कारण नक्की सांगता येणार नाही. सकाळी जुन्या पाळकीणबाईंचा फोन आला होता, कदाचित त्यामुळे. यादीचं मी काढलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. नव्या गावचं सांगत होत्या. नवं घर, नवी मंडळी, पुन्हा सगळी नावं पाठ करायची. इथून गेल्या तेव्हा त्यांनी पेरलेल्या भाज्या अजून लागायच्या होत्या.

फोन ठेवल्यावर सुचलं. आपल्याकडे पाळक धावते. परिषदेत नेमणुका वाचल्या जातात आणि ते उठतात, जातात. एका जागी वर्षभर उपदेश केला तर मीही झोपेन आणि मंडळीलाही झोपवीन, असं वेस्लीने १७५६ च्या एका पत्रात लिहिलंय. पुलपिट कुणाचं होऊ नये, हा त्यामागचा एक फायदा. किती पाळक या चर्चमधून गेले, किती जणांना आम्ही निरोपाचे हार घातले, आणि दर वेळी मी मनात म्हटलं की हे जाणारे, आपण राहणारे. आम्हा राहणाऱ्यांना कुणी हलवत नाही. म्हणून टेबल माझं झालं. अर्पणाची पिशवी त्यांची झाली, ऑर्गन तिचा झाला. पाळकांना जे दर काही वर्षांनी सोसावं लागतं ते मला आयुष्यात एकदा सोसायचं आहे, आणि तेही गाव न सोडता, त्याच बाकांवर बसून.

हे कळलं म्हणून दुखणं थांबलं नाही. पण आता ते माझ्या एकटीवर कोसळल्यासारखं वाटत नाही.

शनिवार, दुपार

ब्रिस्टलच्या त्या कॅप्टनची गोष्ट आज महिला समाजासाठी लिहून काढत होते. १७४२ मध्ये तिथल्या मेथडिस्टांच्या इमारतीवर कर्ज होतं, आणि दर माणशी आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं. कुणी म्हणालं, गरिबांना जमणार नाही. फॉय नावाचा कॅप्टन उठला आणि म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; त्यांनी दिलं तर ठीक, नाही तर त्यांचं मी भरेन. मग असे गट झाले, गटाचा पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला, आणि पैशासाठी गेलेल्यांना घरातलं सगळं दिसू लागलं. कोण आजारी, कुठे भांडण, कुणी प्रार्थना सोडली. त्यातूनच आपली क्लास मीटिंग उभी राहिली.

अकरा नावं आणि एक माणूस. त्याला ट्रे लागला नाही, पेले लागले नाहीत.

माझी नावंही माझ्याजवळच आहेत. ती यादीत कधी नव्हतीच, त्यामुळे यादीतून जाणारही नाहीत. रस कुणीही ओतो. उद्या ती ओतत असेल तेव्हा मी बाकावर बसून ती घेईन, दोघा भावांचीसुद्धा, आणि आता धाकटीचंही. सगळं मनाविरुद्ध असतानाही तिचं नाव घेऊन पाहिलं काल रात्री. पहिल्यांदा घशात अडकलं. दुसऱ्यांदा आलं.

आणखी एक. गेले काही महिने एक तरुण जोडपं येतं, तान्हं बाळ घेऊन, दाराजवळ बसतं. आशीर्वादाची प्रार्थना संपली की लगेच निघतं. मला नेहमी वाटायचं, यांच्याशी बोलायला हवं. पण त्याच वेळी मी वेदीशी पेले गोळा करत असायचे, आणि वळून पाहीपर्यंत ते फाटकाबाहेर गेलेले असायचे. इतके महिने झाले, मला त्यांची नावंही ठाऊक नाहीत. म्हणजे त्यांचे पेले मी बिननावाचे भरले. उद्या मला काही गोळा करायचं नाही. त्यांच्याच बाकावर बसेन. बाळाला घेते म्हणेन, म्हणजे आईला निदान एकदा दोन्ही हात मोकळे ठेवून कठड्याशी जाता येईल. माझे हात बसल्या जागी बाळ धरण्याइतके अजून स्थिर आहेत.

संध्याकाळी पाच वाजता धाकटी चर्चमध्ये येते म्हणाली आहे. कपाटाची किल्ली काढून ठेवली. कापड कालच धुऊन इस्त्री केलंय, ते शेवटचं मीच करणार होते आणि केलं. डागाचं तिला आज नीट सांगेन: गरम पाणी लावायचं नाही, आधी थंड पाणी, तेही लगेच. पेले लोकांपेक्षा सहा-सात जास्त भरायचे, ऐन वेळी कुणी ना कुणी येतंच. नावांचं सांगावं की नाही ते अजून ठरलेलं नाही. तिने विचारलं की मावशी, ओतताना तुम्ही ओठ का हलवायच्या, तर सांगेन.