दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी: माझा पहिला व्हिज्युअल नॉव्हेल गेम

व्हिज्युअल नॉव्हेल म्हटलं की आपल्याकडे अजून "म्हणजे नक्की काय गं?" असंच विचारतात, त्यामुळे आधी तेवढं सांगून टाकते. मागे एक चित्र, पुढे एकदोन पात्रं, खाली चौकटीत संवाद, क्लिक करत वाचत जायचं आणि मधेच गेम विचारतो, बोल, आता काय करणार? त्या उत्तरावर गोष्ट वळते. जपानमधून आलेला प्रकार. पळापळ नाही, गोळीबार नाही, म्हणून नोकरी सांभाळून एकट्या माणसाला जमेल असा हाच वाटला. मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, एक्सेलमधले इफवाले फॉर्म्युले तेवढे रोजचे.

इंजिन, म्हणजे गेम ज्यात बांधायचा ते सॉफ्टवेअर, म्हणून रेनपाय घेतलं. फुकट, ओपन सोर्स, २००४ पासून चालू आहे आणि आतून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असली तरी सुरुवातीला पायथन लागत नाही. पात्राचं नाव, पुढे अवतरणचिन्हात वाक्य, झाला संवाद. सीन लिहिलं की मागचं चित्र बदलतं, शो लिहिलं की पात्र येतं, जंप लिहिलं की गोष्ट दुसऱ्या लेबलवर, म्हणजे नाव दिलेल्या दुसऱ्या भागावर, उडी मारते. फक्त टॅब दाबायचा नाही, स्पेसच द्यायची, टॅब त्याला अजिबात चालत नाही. आणि संवाद वर्डमध्ये टाइप करून आणले की ती वाकडी सुंदर अवतरणचिन्हं येतात, त्यावरही एरर. साधा टेक्स्ट एडिटर वापरा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

गोष्ट नाशिकचीच घ्यायची हे पक्कं होतं, जपानी गेममधल्या शाळा, बाग आणि गुलाबी पाकळ्या यातलं मला काही येत नाही. मग पूर घेतला. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, उंच, दोन्ही बाजूंना तोंड असलेला, आणि पावसाळ्यात अख्खं शहर पूर त्याच्या अंगावर मोजतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की क्युसेकचा आकडा बातमीत येतो, पण घरात कोणी क्युसेक विचारत नाही, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" एवढंच विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर तो अख्खा बुडाला होता. जुन्या माणसांसमोर विषय काढला की ती थेट १९६९ च्या पुरावर आणि नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर जातात, मग चहा थंड होतो.

तर गेमची नायिका जुई, तिच्या मावशीचं भांडी बाजारात दुकान, पाणी चढतंय आणि संध्याकाळपर्यंत दुकान रिकामं करायचंय. बस एवढंच.

आता फाट्यांचं गणित. नवीन माणूस काय करतो, प्रत्येक निवडीला दोन वेगळ्या वाटा आणि दोन्ही वेगळ्याच लिहीत जायच्या. तसं केलं तर पाच निवडींत ३२ शेवट होतात, हे कागदावर मांडलं तेव्हाच मी तो नाद सोडला, कारण मार्चमध्ये आमचं इयर एंडिंग असतं. (गंमत म्हणजे एका महिन्यात व्हिज्युअल नॉव्हेल बनवायची नॅनोरेनो नावाची जॅम, म्हणजे सगळ्यांनी ठरल्या वेळात गेम बनवायचा उपक्रम, असते तीही मार्चमध्येच. अकाउंट्सवाल्यांनी विसरा.) मग वाटा फुटल्या की दोनचार संवादांनी परत एकत्र आणायच्या आणि फरक लक्षात ठेवायचा तो एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या नाव दिलेल्या डब्यात. माझ्या व्हेरिएबलचं नाव पाणी. जुईने वेळ घालवला, शेजारच्या काकांशी वाद घातला, फोनवर बोलत बसली की पाणी एकाने वाढतं. दृश्याच्या सुरुवातीला गेम बघतो, पाणी किती? एक असेल तर गुडघ्याचं चित्र, चार झालं की गळ्याचं. स्क्रीनवर कुठेही आकडा नाही, पट्टी नाही, खिडकीतून मारुती दिसतो तेवढाच. (खऱ्या दुकानांतून असा सरळ दिसत नाही, माहितीये, तेवढी सूट घेतलीय.) माझ्या मते अख्ख्या गेममध्ये हीच एक गोष्ट खरी जमलीय आणि त्याचं श्रेय नाशिकला, मला नाही.

यात एक तांत्रिक गोष्ट नवीन लोकांनी लिहून ठेवावी. गेममध्ये बदलणारं व्हेरिएबल डिफॉल्टने घोषित करायचं, डिफाइनने नाही. डिफाइन हे न बदलणाऱ्या गोष्टींसाठी, पात्रांची नावं रंग वगैरे. डिफॉल्टचं मूल्य सेव्ह होतं आणि खेळणारा माउसचं चाक फिरवून मागे गेला की तेही मागे जातं. म्हणजे आमच्याकडे पूरसुद्धा चाक फिरवून उतरतो.

देवनागरीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. रेनपायच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे पहिल्यांदा चालवलं की नुसते चौकोन दिसतात, घाबरू नका. मोकळ्या लायसन्सचा मराठी फॉन्ट गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचा, मी मुक्ता घेतला, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचं नाव द्यायचं. पण फॉन्टने सगळं भागत नाही, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसायला अक्षरं जुळवणारी यंत्रणा लागते, ती रेनपायमध्ये ८.१ पासून आली. त्याच्या आधीच्या आवृत्तीचे जुने व्हिडिओ बघून "मराठी होतच नाही" असं ठरवू नका. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात.

पण खरं सांगू का, कोड आणि फॉन्टपेक्षा मला मराठीच्या क्रियापदांनी जास्त दमवलं. सुरुवातीला माझी योजना होती की खेळणाऱ्याने मुलगा की मुलगी ते निवडावं. इंग्रजी गेममध्ये हे सोपं जातं कारण "मी" काही केलं तरी क्रियापद तसंच राहतं. आपल्याकडे गेले की गेलो, थांबते की थांबतो, भिजलेली की भिजलेला. प्रत्येक ओळीत दोन रूपं. एक युक्ती सुचली, सकर्मक क्रियापदं भूतकाळात वापरायची. "मी शटर उचललं", "मी पातेली मोजली" यात बोलणारा कोण हे कळतच नाही, क्रियापद शटरच्या आणि पातेल्यांच्या मागे जातं. "मला भीती वाटली", "मला दिसलं" हेही चालतं. आठवडाभर असं लिहिलं आणि वाचून बघितलं तर जुई कुठे जात नाही, येत नाही, बसत नाही, उठत नाही, नुसती वस्तू उचलतेय आणि तिला गोष्टी वाटतायत! शेवटी मुलगीच ठेवली. मामेभाऊ म्हणाला, "ताई, मग मुलांनी काय खेळायचं?" म्हटलं तू पुस्तकात मुलीची गोष्ट वाचतोस ना, तसंच खेळ.

नाव विचारून संवादात घालायचं हेही असंच. रेनपायमध्ये चौकोनी कंसात व्हेरिएबल लिहिलं की तिथे नाव येतं, पण विभक्ती कोण लावणार? सीमाला म्हणायचं की सीमेला, हे गेमला कसं कळणार. मी ते काढूनच टाकलं. मावशीचं "अगं" आणि "बाई" पुरेसं असतं, आपल्या घरात नावाने कोण किती बोलतं!

हमालाचं पात्र बागलाणातलं, त्याची अहिराणी मी स्वतः लिहिली असती तर सटाण्याच्या आमच्या स्टोअरवाल्यांनी मला कँटीनमध्ये जेवू दिलं नसतं, म्हणून त्यांच्याकडूनच प्रत्येक वाक्य तपासून घेतलं. मी लिहिलेलं "आहे" तोडून त्यांनी जिथे तिथे "शे" केलं आणि दोन शिव्या सुचवल्या. एक ठेवलीय.

चित्रांचं थोडक्यात. फोटो स्वतः काढले, क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रंगवले, माणसांचे चेहरे आणि दुकानांच्या पाट्या काढून टाकल्या. पात्रांची शरीरं एकेकच, फक्त भुवया आणि तोंडं वेगळी, ती वर चिकटवली की भाव बदलतात. मावशीला तीनच भाव आहेत आणि तिन्ही रागाचे. आवाज फोनवर रेकॉर्ड केलेत, शटरचा, पावसाचा, घाटावरच्या घंटांचा. संगीत नाही. येत नाही, विषय संपला.

गेम बाहेर काढायच्या आधी रेनपायमधला लिंट नावाचा चुका शोधणारा तपासनीस चालवाच, न सापडणारी चित्रं, न लिहिलेली लेबलं सगळं सांगतो आणि वर शब्दही मोजून देतो. इच या गेम टाकायच्या साइटवर वेब बिल्ड टाकली, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडते, डाउनलोड करा वगैरे नातेवाइकांना सांगावं लागत नाही. चित्रं पीएनजीची वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केली तेव्हा कुठे मोबाइल डेटावर बऱ्यापैकी वेळात उघडायला लागली.

सगळ्यात कामाचा अभिप्राय आला तो बाजारात ज्यांचं स्वतःचं दुकान होतं अशा वडिलांच्या मित्राकडून. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण खेळला आणि म्हणाले, "पितळ आधी कशाला उचलतेस? पितळेला पाण्याने काय होतंय, घासलं की झालं. आधी उधारीच्या वह्या न् इलेक्ट्रॉनिक काटा माडीवर." मी अकाउंट्सची बाई, आणि हे मला त्यांनी सांगावं. नवीन अपडेटमध्ये तो पर्याय टाकलाय, वह्या पहिल्या उचलल्या की मावशीचा एक चौथा भाव दिसतो.