किल्ली हरवलेलं कपाट

आज घणसोलीत लेकीच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कागदावर आहोतच की सगळे. प्रत्यक्षात आलो सात जण, त्यातल्या तिघांचा प्रश्न एकच, सही कुठे करायची? (मीही गेलं वर्षभर तेच करत होते, उगाच खोटं कशाला बोलू.)

विषय, मुलांना शाळेची गोडी कशी लागेल. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, कृतीतून शिक्षण, पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली ते बरं की वाईट... पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन तासभर नुसतं घमासान.

तेवढ्यात सातवीतला एक मुलगा खडूचा डबा न्यायला आला. बाईंनी सहज विचारलं, "तुला काय हवं रे शाळेत?"

आधी लाजला. मग म्हणाला, "बाई, ते गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट उघडाल का? किल्ली हरवलीय म्हणतात."

कपाट आमच्या पाठीमागेच होतं. काचेवर धूळ, वर गणपतीचं मखर.

इतिवृत्तात पहिला मुद्दा तोच लिहायला लावला. किल्लीवाला सोमवारी येतोय. दीडशे म्हणाला, शंभरावर आणलाय.